टिचकीवाले भाऊ

भाऊंशी बोलायला गेलं की ते आधी एक बोट वर करायचे. थांब, म्हणजे. सिलिकॉनची पातळ चकती दोन बोटांत अलगद धरायची, कडेला नखानं टिचकी मारायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. आवाज खणखणीत आला तर चकती पास. बद्द आला तर आत डोळ्यांना न दिसणारा तडा आहे. दारात मंत्री उभा असता तरी त्यांनी ते बोट खाली घेतलं नसतं.

रांझीच्या कारखान्यातली सरकारी नोकरी मुदतीआधी सोडून भाऊंनी शेड टाकली होती. बाहेरून सिलिकॉनच्या विटा आणायच्या, तारेच्या यंत्रावर त्यांचे काप काढायचे आणि सोलर पॅनलसाठी पाठवायचे. नातेवाईक चिडवायचे, "भाऊ, हे पापड विकून पोट भरते काय?" भाऊ शांतपणे म्हणायचे, "पापड तुटला तर खाता येते जी. हे तुटलं तर फेकावं लागते."

मी तिथे तपासणीच्या टेबलावर नोकरीला होते. पाहुणा आला की भाऊ मला पुढे करायचे. "ही आपली पोरगी. हिच्या हातून खोटा माल जात नाही." मला फार भारी वाटायचं.

साठीनंतर भाऊंचे कान गेले. आम्हा सगळ्यांना ते कळलं. त्यांना कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. ते पूर्वीसारखीच मान तिरकी करत आणि तडकलेल्या चकत्या पास करत. त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. ते जेवायला गेले की मी त्यांचा गठ्ठा पुन्हा तपासायची, वाईट काढून चांगल्या घालायची. आपण पुण्य करतोय असंच मला वाटत होतं.

मग भावाच्या लग्नाला मी आठ दिवस शहपुऱ्याला गेले. परतले तेव्हा भाऊंनी पास केलेल्या चार पेट्या गिऱ्हाइकाकडून परत आल्या होत्या. भाऊ त्यांच्याशेजारी स्टुलावर बसले होते.

"तू होती तोवर एक पेटी परत नाही आली," ते म्हणाले. "किती दिवस करून राहिली होती हे?"

मी दोन बोटं दाखवली.

"महिने?"

मी नकारार्थी मान हलवली.

"अच्छा. वर्षं." त्यांनी शेजारच्या पेटीचं झाकण लावलं. "कान गेले ते गेले, पोरी. त्याचं काही नाही. पण तू मले सांगितलं काहून नाही? मी तर लोकायले तुझं नाव घेऊन सांगत होतो."

त्यानंतर ते टेबलाशी आले नाहीत. वर्षभरात शेडही विकून टाकली.

भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण माझी रुखरुख जात नाही. ते असताना मी माफी मागायला तीनदा त्यांच्या घरी गेले. त्यांनी पोहे खाऊ घातले, भावाच्या संसाराची चौकशी केली. एव्हाना त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागत होतं आणि आतल्या खोलीत सुना असायच्या. 'मी चुकले' एवढंच ओरडायचं होतं. तिन्ही वेळा मी ते हळूच म्हणाले, आणि तिन्ही वेळा भाऊ मान डोलावून म्हणाले, "चलो, येत जा."