जीपवाल्याने मागितलेली बस

नेरडीगोंड्याच्या फाट्यावर त्याची जीप रोज सकाळी उभी असे. आतल्या गावच्या शाळेत मी मास्तर होतो. बस किंवा जीप, जी आधी मिळेल तीत बसायचो. तो मराठी, तेलुगू, हिंदीत ओरडून माणसं गोळा करी आणि सरकारी बस दिसली की तिच्यापुढे जीप दामटी.

एका वर्षी तोट्यात चालते म्हणून ती बस बंद झाली.

"आता सगळा रस्ता तुमचाच," मी म्हणालो.

तो खांद्यावरच्या रुमालाने काच पुसत राहिला. "कायचा, सर? येक हुकली तं दुसरी भेटन, या भरवशावर लोक घरून निंगे. आता निंगतच नाही."

खरंच, फाटा ओस पडत चालला. शेवटी तो स्वतःच डेपोत गेला आणि बस सुरू करा म्हणाला. "आमचे पॅसेंजर तूच पळवतोस ना?" साहेबांनी विचारलं. "हो साहेब, म्हनूनच आलो," असं सांगितल्याचं त्यानेच मला ऐकवलं.

काही दिवसांनी बस पुन्हा आली. मी सवयीने जीपकडे वळलो, तर त्याने मला दारातच अडवलं.

"आज बसमंदी बसा, सर. रिकामी गेली तं पुन्हा बंद करतीन."

"आणि उद्या?"

"उद्या मी नेतो की तुमाले!"

मी बसमध्ये चढलो. खाली तो बाकीच्यांनाही बसकडेच पिटाळत होता. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "हा जीपवाला हाये कोनाच्या बाजूनं?"