आपा आणि बेडकी

आपांना हाक मारली की ओ देण्याआधी त्या हात वर करून आपल्यालाच गप्प करत. कारण त्यांच्या एका कानात बहुतेक वेळा रबरी नळी असे. नळीचं दुसरं टोक हिरव्या गाडीच्या पोटात कुठेतरी गेलेलं, डोळे मिटलेले, डोक्यावरून घेतलेला पदर दातांत धरलेला. विहिरीच्या तळाशी कुणीतरी बोलतंय आणि ते एकट्या त्यांनाच ऐकू येतंय, असा चेहरा. मग सावकाश डोळे उघडत आणि म्हणत, "हं, बोला मॅडम. ही डावी जरा जास्त फुसफुसतीया."

मी आष्ट्याच्या कॉलेजात शिकवायला आले, तेव्हा आपांच्या घरावरची खोली भाड्याने घेतली होती. घरात आपा आणि मिस्त्री, एवढी दोनच माणसं. मूलबाळ नव्हतं. मिस्त्री म्हणजे आपांचे यजमान. सांगलीच्या एका कारखान्यात त्यांनी लेथवर सगळी नोकरी काढली होती. कधीतरी जतकडच्या एका जुन्या बंगल्यावर पंप दुरुस्त करायला गेले असताना मागच्या शेडमध्ये त्यांना ही विलायती गाडी दिसली. दोन माणसांपुरती, टप नसलेली, आणि सीटवर कोंबड्या अंडी घालत बसलेल्या. म्हाताऱ्या मालकांनी मिस्त्रींची नजर पाहिली आणि म्हणाले, घेऊन जा. उसाच्या ट्रॉलीत बसून गाडी आष्ट्याला आली. तिचे दिवे बॉनेटवर डोळ्यांसारखे वर आलेले होते, म्हणून गल्लीने तिचं नाव बेडकी ठेवलं.

मिस्त्रींनी सुट्टीच्या दिवशी जोडत जोडत ती चालती केली. जे भाग मिळत नव्हते ते स्वतः लेथवर घडवले. "मी नुसती पाना द्यायची," आपा सांगत. "कुठला पाना, ते त्यांनी बोलायच्या आत हातात. संसारात एवढं जमलं मला." पुढे मिस्त्रींनीच त्यांना ती चालवायला शिकवली, उसामधल्या रिकाम्या रस्त्यांवर.

मी राहायला आले त्याच वर्षी मिस्त्रींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवण घशाखाली उतरेना. नातेवाईक यायचे, हळहळायचे, आणि जाताना अंगणातल्या गाडीकडे बघून म्हणायचे, आता हिचं काय ठेवायचं?  एका सकाळी बॅटरी उतरू नये म्हणून आपांनी गाडी सुरू केली, आणि खिडकीतून पाहिलं तर मिस्त्रींनी मान वळवली होती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा.

त्या दिवसापासून आपांनी गाडी हातात घेतली. मिस्त्रींना खुर्चीत बसवून अंगणात आणायच्या आणि बॉनेट उघडायच्या. त्या गाडीचं बॉनेट उघडलं की दिवे, मडगार्ड, सगळं तोंडच आकाशाकडे उठायचं. तिला दोन कार्बोरेटर होते, आणि दोघांनी सारखी हवा ओढली तरच इंजिन एका लयीत चालायचं. त्यासाठी ती नळी. आपा आधी स्वतः ऐकत, मग तेच टोक मिस्त्रींच्या कानाला लावत आणि स्क्रू किंचित किंचित फिरवत. दोन्हीकडचा आवाज जुळला की मिस्त्रींचं डावं बोट वर व्हायचं. तेव्हा अंगणात जी शांतता पसरायची, ती इंजिन चालू असूनही पसरायची. मी वर कठड्याशी पेपर तपासत बसलेली असे. माझं पेन थांबायचं.

काम करताना आपा अखंड बोलत. "व्हय का? बरं, मग प्लग बघते. न्हाई, तसं न्हाई वो, कालच घासलेत." मधे थोडं थांबत, उत्तर ऐकल्यासारखं. वरून ऐकणाऱ्याला खरंच वाटावं की मिस्त्री हळू आवाजात काही सांगताहेत.

आपांच्या मनात एकच होतं. "कृष्णेच्या पुलापर्यंत न्यायचं हाय त्यांना. पानी बघू दे. पोरपणात लय पवलेत तिथं." पण बेडकीने नेमकी तेव्हाच नवी खोड काढली. घरातून मजेत निघायची, थोडं अंतर गेलं की आचके देऊन बंद पडायची. आपा उतरून प्लग पुसत, गाडी सुरू. त्या खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. मग पॉइंट घासले, सुरू. मग कार्बोरेटर धुतले. सुरू, आणि पुढच्या वळणावर पुन्हा बंद. "काय बी केलं तरी बरी हुती, मॅडम, आन काय बी केलं तरी आजारी पडती," त्या हताश होऊन म्हणाल्या. "असल्या रोग्याचं करायचं काय?"

तरी थंडीतल्या एका सकाळी त्यांनी मिस्त्रींना शाल गुंडाळून शेजारच्या सीटवर बसवलंच. मी मागून स्कूटीवर. रस्त्यावर धुकं उतरलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस नुसता अंधूक उभा, गुऱ्हाळाचा गोड वास, आणि पुढे ती हिरवी गाडी कधी दिसे, कधी नुसती ऐकू येई. मग तेही थांबलं. मी जवळ पोहोचले तर आपा मिस्त्रींच्या छातीवर हात ठेवून वाकून उभ्या होत्या.

"दम," मिस्त्री म्हणाले.

झटक्यानंतरचा तो पहिला शब्द. "दम... दम."

"दम लागलाय वो ह्यांना! मॅडम, रिक्षा बघा, दवाखान्यात..." आपा ओरडल्या. पण मिस्त्रींनी मान हलवली. ते नीट श्वास घेत होते. डाव्या हाताने त्यांनी आपांचा हात छातीवरून बाजूला केला आणि खांद्यावरून मागे बोट दाखवलं, पेट्रोलच्या टाकीकडे.

 आपा मागे गेल्या आणि टाकीचं झाकण फिरवलं. हुस्स करून हवा आत शिरली, लांबलचक. जुनं झाकण सैल झालं होतं म्हणून आपांनीच सांगलीच्या बाजारातून नवं, घट्ट झाकण आणून बसवलं होतं. त्यातून हवा आत जायला जवळजवळ जागाच नव्हती. पेट्रोल संपेल तशी टाकी आतून कोंडायची आणि इंजिनला पेट्रोल मिळेनासं व्हायचं. प्लग पुसेपर्यंत जरा हवा झिरपे, म्हणून गाडी पुन्हा सुरू व्हायची.

"माझंच झाकण," आपा म्हणाल्या, आणि तिथेच रस्त्यात बसून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. झाकण सैल ठेवून आम्ही पुलावर पोहोचलो. खाली पाणी दिसत नव्हतं, नुसतं धुकं वाहत होतं. मिस्त्री बराच वेळ त्याकडे बघत राहिले आणि घरी येऊन भाकरी दुधात कुस्करून पोटभर जेवले.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. शब्द थोडेच परत आले, पण पुलावरच्या फेऱ्या चुकल्या नाहीत. मधल्या काळात माझी बदली साताऱ्याला झाली. मिस्त्री गेल्याचं फोनवरच कळलं. मी भेटून आले, तेव्हा आपा इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावरच्या चार महिने दहा दिवसांत, घरातच बसून होत्या. अंगणात गाडीवर ताडपत्री होती.

मग एका रविवारी सकाळी माझ्या दारात हॉर्न वाजला. बाहेर बेडकी, आणि आत धुळीने माखलेल्या आपा.

"एवढ्या लांब एकट्या आलात?"

"एकटी हाय, म्हनूनच आले." चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. इद्दत संपल्यापासून रोज गाडी काढत, आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरत. "गाडीला कायबी झालं न्हाई. पर डावीकडं त्यांची सीट बघितली की एक्सलेटरवरचा माझाच पाय उचलतो. काल ठरवलं, ती सीट मॅडमची. मग आले बघा सरळ. चला, रस्ता तुमी सांगा."

मी यवतेश्वरचा घाट सांगितला. सीट अगदी खाली होती, जमिनीला हात लागेल इतकी, आणि तिच्या मधोमध मिस्त्रींच्या बसण्याने एक खळगा पडला होता. मी अवघडून त्याच्या कडेला बसले.

"तशा का बसला?" आपांनी गिअर टाकला. "नीट बसा. तिथंच बसायचं असतं. आन मागं टेका."

मी मागे टेकले. गाडी पहिल्या वळणावर चढू लागली.