तिसऱ्या गाण्यातली खुर्ची

ठकठकभाऊ कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवर बोटाच्या पेराने तीनदा वाजवून बघत, मग टेकत. लग्नाच्या मांडवात खांब वाजवून जेवायला बसलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आम्ही हसायचो. पण ज्या भिंतीला त्यांनी नाक मुरडलं, तिला टेकून बसायची हिंमत कुणाला होत नसे.

चंद्रपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत ते ड्रेसर होते. म्हणजे टोळीच्या पुढे जाऊन लांब लोखंडी सब्बलीने डोक्यावरचं छत ठोकायचं आणि ऐकायचं. टण्ण वाजलं तर छत धड. भद्द वाजलं तर आत पोकळी, आणि ती कधी खाली येईल ते सांगता येत नाही. मी त्याच टोळीत टेकू लावायला होतो. बारा जणांचा जीव एका माणसाच्या कानावर, हे खाली उतरताना आठवलं की भीती वाटायची. पंधरा वर्षांत ती एक दिवस चुकली नाही.

भाऊही भ्यायचे, पण छताला नाही. म्हणायचे, "छत फसवत नाई बे. ते सांगून राह्यते. आयकनाराच बहिरा झाला त ते बिचारं काय करन?"

म्हणून ते रोज स्वतःच्या कानाची परीक्षा घेत, आणि तीही कशावर, तर इंग्रजी गाण्यांवर. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाच्या टाकाऊ सामानात त्यांना एक कॅसेट मिळाली होती. कुठल्याशा परदेशी, लांबलांब केसांच्या रॉक बँडने एका सिनेमासाठी केलेली ती गाणी. सिनेमा आमच्याकडे कधी लागला नाही, भाषा कळण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण तिसऱ्या गाण्यात गिटार थांबतं आणि ड्रम सुरू व्हायच्या आधी कुणाची तरी खुर्ची कुरकुरते. अगदी बारीक. वाजवणारा जागच्या जागी हलला असेल आणि ते तसंच राहून गेलं असेल. पाळीआधी डोक्यावरचे दिवे घेतात त्या बत्तीघराच्या बाकावर भाऊ डोळे मिटून ते गाणं ऐकत. खुर्ची कुरकुरली की उजवं बोट वर. "चला, कान हाय." मगच आम्ही उठायचो. पुढे कॅसेट झिजली, त्यांच्या मुलीने गाणी मोबाइलमध्ये भरून दिली. बोट तेच राहिलं.

न पाहिलेल्या सिनेमाची गोष्टही त्यांनी रचून ठेवली होती. एक माणूस जमिनीखाली उतरतो आणि वरचे लोक त्याची वाट बघत बसतात, एवढीच. शेवटचं गाणं मात्र ते कधीच लावत नसत. "तो वर आला का नाई, ते मले नाई आयकाचं," म्हणायचे.

एकदा सर्दीने त्यांचे कान भरले होते. गाणं संपलं तरी बोट वर गेलं नाही. "आज नाई," एवढं म्हणून ते घरी गेले. त्या दिवशी दुसरा ड्रेसर मिळाला, आणि आम्ही पाळीभर वर बघत काम केलं. भाऊंवर आमचा विश्वास बसला तो असा.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असेल. सकाळी नेहमीसारखं बोट वर गेलं होतं. खाली त्यांनी छत ठोकलं आणि म्हणाले, "धड हाय." मला मात्र भद्द ऐकू आलं. भाऊंच्या कानाला चूक म्हणणारा मी कोण? लोक फावडी घेऊन पुढे सरकले, तेव्हा कसाबसा बोललो, "भाऊ, आणखी एक डाव ठोका ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डावा तळवा छताला लावला आणि ठोकलं. छताची थरथर हाताला लागली असावी, तळवा तिथेच राहिला. माझ्या दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा उतरताना मला दिसला. "बाहेर. सारे बाहेर निंगा."

आम्ही वळणापर्यंत पोचलो आणि मागे छत बसलं. दुसऱ्या दिवशी भाऊंनी सब्बल माझ्या हातात दिली आणि स्वतःहून जमिनीवरचं काम मागून घेतलं.

मागच्या वर्षी सिंदेवाहीजवळ त्यांच्या गावी गेलो होतो. आता कानाशी ओरडावं लागतं. मोबाइलवर तेच गाणं मोठ्याने लावलं आणि विचारलं, "आयकू येते का?" त्यांनी हसून मान हलवली. नाही. गिटार थांबलं, आणि त्यांचं बोट वर गेलं. अगदी जागेवर.

मी ओरडून विचारलं, "भाऊ, आयकू नाई येत, मंग बोट काऊन वर केलं?"

ते आपल्याच बोटाकडे बघत राहिले. "आयकू त आली बे," म्हणाले. "आत्ताच कुरकुरली ना खुर्ची."

शेवटची किती वर्षं ती अशी नुसती त्यांच्या डोक्यातच कुरकुरत होती, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आणि आम्ही त्या बोटाच्या भरवशावर उतरत होतो. तरी मला त्यांचा राग आला नाही, मी त्यांचा हात धरून बसलो.

आता बत्तीघराच्या बाकावर मी बसतो. परवा गिटार थांबलं, खुर्ची कुरकुरली, माझं बोट वर गेलं, आणि ड्रम आलेच नाहीत. पाहिलं तर मोबाइल बंद पडलेला. खुर्चीच्या आधी की नंतर, कोण जाणे. समोर टोळी टोप्या घालून उभी होती.

मी बोट खाली घेतलं. म्हणालो, "आज नाई."