धडधाकट माणसांची किळस

सिस्टरना किळस फार लवकर यायची, आणि आली की त्या ती लपवायच्या नाहीत. पण त्यांची किळस आपल्यासारखी नव्हती. तीस वर्षं नर्स म्हणून त्यांनी पू पुसला, उलट्या काढल्या, किडे पडलेल्या जखमा धुतल्या. ते सांगताना त्यांचा चेहरा हलायचा नाही. "आजारी माणसाची कसली आलीय किळस? त्येचा नाइलाज असतो," त्या म्हणायच्या. "धडधाकट माणूस घाण करतो, त्येची येती."

मी कुंडलची. नोकरीसाठी सांगलीत आले आणि त्यांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. जेवायला मात्र आम्ही रोज एकत्रच बसायचो. त्या मूळच्या माण तालुक्यातल्या. नवरा कधीच गेलेला, मुलगा पुण्यात. घागरभर पाण्यासाठी बायका तंडताना बघत त्या वाढल्या होत्या, म्हणून भरलेली कृष्णा त्यांना रोज बघावीशी वाटायची. आणि बघितली की संताप व्हायचा. घाटाच्या पायरीला लागून कुणी गाडी धूत असे. पाण्यावर साबणाचा फेस, त्यात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या डिश, कुणीतरी फेकलेलं लहान मुलाचं डायपर. सिस्टर नाकाला पदर लावत नसत. उभ्या राहून सगळं नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "नदीनं काय घोडं मारलंय गं ह्यांचं?"

रविवारी संध्याकाळी मात्र त्या खुशीत असायच्या. नदीकाठचा रस्ता तेवढे चार तास वाहनांना बंद असे. दोन्ही टोकांना दोरी बांधली जायची. मग रस्त्यावर पोरं सायकल शिकायची, म्हातारे मधोमध चालायचे, बायका सतरंजी अंथरून बसायच्या. हॉर्न नाही, धूर नाही. कडेला भेळ, भजी, उसाच्या रसाचे गाडे. सिस्टर घरून स्टीलची ताटली आणि चमचा न्यायच्या, आणि मुनीरच्या गाड्यावर भेळ खायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला विचारलं होतं, "नखं दाव." मुनीर चाळिशीचा, दाढीवाला बाप्या. त्याने निमूट हात पुढे केले. नखं बघून सिस्टर म्हणाल्या, "जा, कापून ये. तवर मी हुभी हाय." तो खरंच जाऊन आला. पुढे त्याचा शनिवारचा नेमच झाला. "रविवारी तपासणी असती," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

एकदा कॉलेजच्या एका मुलीने चहाचा कप रस्त्यावर टाकला. सिस्टरनी तो उचलला आणि लगबगीने तिच्यामागे गेल्या. "बाळ, तुझं कायतरी पडलं बघ." मुलीने थँक्यू म्हणून हात पुढे केला आणि हातात स्वतःचाच उष्टा कप आला. तिचा चेहरा बघून मला हसू आवरेना. सिस्टर हसल्या नाहीत.

एका रविवारी आम्ही भेळ घेऊन नुकत्याच उभ्या होतो. कुणीतरी दोरी सोडली आणि एक पांढरी मोठी गाडी आत आली. समोर एक पोरगी सायकल शिकत होती, ती गडबडून पडली आणि तिचा गुडघा फुटला. गाडी थांबली ती मुनीरच्या गाड्यापाशी. काच खाली झाली, आतली गार हवा आणि गुटख्याचा वास बाहेर आला. "चार भेळ. गाडीतच दे."

सिस्टर गाडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "गाडी मागं घ्या. लेकरू पडलंय."

"म्हातारे, बाजूला हो. मी कोण हाय, म्हाईत हाय का?"

"हाय की. पाय असून चालता न येणारा माणूस."

त्याने तोंड बाहेर काढलं आणि पिंक टाकली. ती सिस्टरच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर पडली. लाल, घट्ट, फेसाळ.  आजूबाजूला तीसेक माणसं होती. कुणी हललं नाही. मी सतरंजीवाल्या बायकांच्या मागे सरकले. हातातली भेळ मऊ पडत होती.

मुनीरने कालवलेली भेळ खाली ठेवली. "सायब, चालत या. हितं देतो," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण म्हणाला. गाडी झटक्यात मागे गेली, वळताना तिचा कोपरा गाड्याला लागला. बरण्या फुटल्या, मुरमुरे रस्ताभर उडाले. गाडी निघून गेल्यावर मगच माणसं बोलायला लागली. काहीजण तर फोन काढून फोटो घेत होते. सिस्टरनी आधी त्या पोरीचा गुडघा धुतला. मग त्या खाली बसल्या आणि काचा, मुरमुरे गोळा करू लागल्या. तेव्हा मी पुढे झाले.

पुढच्या रविवारी दोरी बांधलीच गेली नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. सिस्टरनी महापालिकेला अर्ज लिहिले, खेटे घातले. सही मागायला गेलं की लोक म्हणायचे, "आवं, जाऊ द्या की." मुनीरने गाडा दुसऱ्या पेठेत नेला. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागू लागल्या. लोक आत बसून एसी लावून खायचे आणि काचेतून डिश खाली सोडायचे. सिस्टर तरी जायच्या. एका संध्याकाळी गाडीच्या आरशाचा धक्का लागून पडल्या, मनगट मोडलं. मग मुलगा आला आणि पुण्याला चला म्हणाला. हात प्लॅस्टरमध्ये, त्यांना नाही म्हणता आलं नाही.

मुलाने सामान गाडीत भरलं. सिस्टर मात्र एसटीनेच जाते म्हणाल्या. मी स्टँडवर पोचवायला गेले. खिडकीशी बसल्यावर त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"त्या दिवशी तू मागं सरकलीस. मला दिसलं."

मी खिडकीचा गज धरला.

"त्यो थुकला, त्येची किळस आली न्हाई मला. तसली माणसं लय बघितली. तुझी आली." त्या सावकाश बोलत होत्या, रागाने नाही. "रोज माझ्यासंगं जेवणारी पोरगी, म्हटलं, आणि ही अशी."

कंडक्टरने बेल मारली. मी गज तसाच धरून चालत राहिले. "सिस्टर, चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

"व्हय, चुकलं," त्या म्हणाल्या. मग धड हात बाहेर काढून त्यांनी माझे डोळे पुसले, पेशंटचे पुसावेत तसे, अजिबात न संकोचता. "आता घरी जाऊन जेव."