बुजवलेलं उखळ

आमच्या डोंगरातलं पाणी घाटाखाली जायचं आणि तिथं त्याची वीज व्हायची. ती बरीचशी मुंबईला जायची. उरलेली घाट चढून परत यायची आणि आमच्या कुसगावच्या वावरांवरून पुण्याकडे जायची. तारांचा मनोरा आमच्या भातखाचरात. घरात मात्र चिमणी.

एका उन्हाळ्यात वीज कंपनीचा एक ओव्हरसियर आला. गावानं खोली बांधली तर सुगीपर्यंत भात सडायच्या गिरणीला वीज मिळेल, म्हणाला. गावानं दगड वाहून खोली बांधली. मी त्याहून पुढं गेले. स्वयंपाकघराच्या जमिनीत पुरलेलं उखळ माती घालून बुजवलं, वर सारवलं आणि मुलीचं नाव लोणावळ्याच्या शाळेत पाचवीत घातलं. सकाळचं कांडण सुटलं की ती वेळेवर शाळेला पोचणार होती.

सुगी झाली, वीज आली नाही. तोवर आम्ही शेजारच्या मावशींच्या उखळावर कांडत होतो. शेवटी त्यांनाच घेऊन मी कंपनीच्या कचेरीत गेले.

कारकून म्हणाला, "एका गिरणीसाठी तार खाली उतरवणं परवडत नाही, बाई. चार कारखाने असते तर गोष्ट वेगळी."

"वीज नाही म्हणून कारखाने नाहीत. आधी काय आणू, ते लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं नाही. मावशी म्हणाल्या, "पाणी हितनं नेताना न्हाई इचारलं तुमी, आमास्नी परवडतंय का ते."

तो हसला. चहा घेता का म्हणाला. आम्ही घेतला नाही.

वाटेत मावशी म्हणाल्या, "माजं उखळ हाय की. पर तुजी नऊ तोंडं आन् माजी सात, एका उखळाला लय हुतंय बग."

खरं होतं. मी एकटीनं कांडलं असतं तर मुलगी शिकली असती, असं पुढं पुष्कळांनी सुनावलं. त्यांनी नऊ माणसांचं भात एकटीनं रोज कांडून बघावं. मुसळाला दुसरा हात लागतोच, आणि घरात मोकळा हात तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरचं उखळ उकरायला घेतलं, तर माती दगडासारखी बसली होती. मी विळ्यानं टोकरत बसले. शाळेची वेळ झाली तशी मुलगी दारात आली, माझ्याकडे पाहिलं, पाटी-पुस्तकं फळीवर ठेवली आणि गोठ्यातून पहार घेऊन आली.

"सरक, आई," ती म्हणाली. "विळ्यानं नाही निघायचं ते."