सत्काराचा फ्लेक्स मी उतरवला

ब्लाउजची बटणं आणायला चौकात गेले, तर समोर माझा नवरा. सहा फूट उंच, हाताची घडी घातलेला, आजूबाजूला झेंडूची छापील फुलं, आणि खाली पिवळ्या अक्षरांत ‘प्रदीर्घ क्रीडासेवेबद्दल भव्य सत्कार व निरोप समारंभ’. खरे नवरोबा तेव्हा पाण्याच्या टाकीवर होते. सकाळी बुटांची पिशवी खांद्याला अडकवून, संध्याकाळी प्रॅक्टिस हाय म्हणून सांगून गेले होते. ज्याचा निरोप, त्यालाच पत्ता नाही!

कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं माझा हात धरला. “ताई, कधी झालं वो? काल तर पाणी सोडून गेले की.”

तिची तरी काय चूक? आमच्या नांदेडात वाढदिवसाचा फ्लेक्स आणि माणूस गेल्याचा फ्लेक्स एकाच दुकानात छापतात, फुलंसुद्धा तीच असतात. “जितेजागते हायत,” मी म्हणाले, “दुपारी जेवायला येतील. मेथीची एक जुडी द्या.” बटणं घ्यायची राहूनच गेली.

आमचे हे महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे त्यांचं काम. आणि पंचवीस वर्षं आमच्या भागातल्या फुटबॉल क्लबचे स्टॉपर, शिवाय कॅप्टन. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभं राहून समोरच्याला अडवणारा, एवढंच मला ठाऊक होतं. वय त्रेचाळीस. डावा गुडघा थंडीत कुरकुरतो.

खोटं कशाला बोलू, त्यांनी खेळ सोडावा म्हणून दहा वर्षं मीच त्यांच्या मागं लागले होते. मुरमानं लाल झालेले मोजे मी धुवायचे, मिठाच्या पुरचुंडीनं गुडघा मी शेकायचा, आणि रविवारी पाहुणे आले की “मॅचला गेलेत” असं ओशाळं होऊन मीच सांगायचं. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी एक मॅच बघितली नव्हती. बघायचं काय त्यात, बावीस जण एका चेंडूमागं पळतात! मग फ्लेक्स बघून मला आनंदच व्हायला पाहिजे होता. पण मी घरात म्हणणं वेगळं आणि लोकांनी न विचारता चौकात टांगणं वेगळं. तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्याकडं माणसाला ‘आता तुम्ही नको’ असं तोंडावर कोणी सांगत नाही. त्याचा सत्कार करतात. शाल, नारळ, फेटा, चार भाषणं. सोसायटीचा म्हातारा चेअरमन असाच गेला, भजनी मंडळातला पेटीवाला असाच गेला. शाल अंगावर पडली की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसरा बसलेला असतो, आणि बोलायची सोय उरत नाही, कारण टाळ्या वाजलेल्या असतात.

दुपारी हे आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. फ्लेक्स बघूनच आले होते, तोंडावरून कळत होतं. मी म्हणाले, “अहो, बोला की काही तरी!”

“भाजीत मीठ कमी हाय,” म्हणाले.

“मी भाजीचं विचारून राहिले का तुम्हाला?”

मग हातातली भाकरी ताटात ठेवली. “कमिटीतले निम्मे माझ्या हाताखाली खेळलेत,” ते म्हणाले. “त्यांना वाटत असंल, हा आता भार झाला. आपण काय म्हणायचं? मला ठेवा म्हणून हात जोडायचे? लातूरची टुर्नामेंट खेळायची होती फक्त. यादीत नाव न्हाई.”

एवढं बोलले आणि उठले. अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली. बावीस वर्षांत या माणसानं ताटात अन्न टाकलेलं मी बघितलं नव्हतं. ती अर्धी भाकरी बघून मला रडूच आलं, आणि रडू आलं की मला जास्त राग येतो.

रविवारी सकाळी कमिटी मैदानाजवळच्या चहाच्या हॉटेलात बसते. मी शिलाईची मोठी कात्री घेतली, आधी चौकात गेले, रिक्षावाल्याच्या सीटवर चढून फ्लेक्सच्या चारी दोऱ्या कापल्या. लोक बघत होते, बघू देत. फ्लेक्सची गुंडाळी बगलेत मारून थेट हॉटेलात गेले आणि कपबश्यांच्या मधोमध टेबलावर आपटली.

“घ्या तुमचा सत्कार!”

कमिटीचे प्रमुख चाचा. कूलर दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं, सत्तरी उलटली, सगळा मोहल्ला त्यांना चाचाच म्हणतो. पण बोलला सेक्रेटरी. हा तिशीतला, फ्लेक्स छापायचं दुकान याचंच, म्हणून तर एवढी घाई! आमच्या यांनीच त्याला चेंडू अडवायला शिकवलेलं.

“वहिनी, रागावू नका,” तो म्हणाला. “दादाबद्दल आमच्या मनात काय हाय ते आम्हाला माहीत. पण मागच्या दोन मॅचला दोन्ही गोल त्यांच्या बाजूनं गेले. पाय उचलत नाहीत आता. नवा स्टॉपर तीन वर्षं बाकावर बसून हाय, वाऱ्यासारखा पळतो. त्यानं कधी खेळायचं?”

“हे त्यांना सांगितलं का?”

सगळे चहाच्या कपात बघायला लागले.

“मी विचारते, सांगितलं का? पंचवीस वर्षं खेळलेल्या माणसाला त्याची रजा चौकातल्या फ्लेक्सवरनं कळावी? तोंडावर बोलायला जीभ झडली होती का तुमची? तो माणूस घरी अर्धी भाकरी टाकून उठला!”

सेक्रेटरीचा चेहरा पडला. “सगळ्यांना वाटलं, कोणी तरी सांगितलंच असंल,” तो हळूच म्हणाला. खरंही असेल. आमच्याकडं असंच होतं, अवघड गोष्ट जो तो दुसऱ्यावर सोडतो.

तेव्हा चाचांनी कप खाली ठेवला. “बेटी, गलती आमची. माफी मी त्याची मागंन. लातूरला तो खेळंल, पहिल्यापासून खेळंल. पुढचं ती मॅच बघून ठरवू, ठेवायचं का न्हाई.” मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, “पण एक सांग. तू त्याला खेळताना कधी बघितलंस?”

मी कात्री पदराआड घेतली.

“मग तू पण चल लातूरला. आधी बघ, मग भांड.”

असं लागलं ते मला!

शनिवारी टेम्पो ट्रॅव्हलरनं निघालो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मी आणि डबे, बाकी सगळी टीम मागं. आमचे हे शेवटच्या सीटवर, जसं काही या बाईला ओळखतच नाहीत. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, एकदाही वर बघितलं नाही. अर्धापूरच्या एका खेळाडूनं शेतातला केळीचा घड आणला होता, त्यातली दोन केळी मात्र कोणाच्या तरी हातून पुढं माझ्याकडं आली. देणाऱ्यानं सांगितलं, “दादानं दिली.”

लातूरच्या मैदानावर कडेला सराट्याचे काटे पसरलेले, बसायची सोय नाही. मी तोच फ्लेक्स आणला होता, तो अंथरला आणि नवऱ्याच्या फोटोशेजारी बसले. दुपारी तीनचं ऊन. हरलो तर तिथंच संपलं, अशी मॅच.

शिट्टी झाली आणि दहा मिनिटांत मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे पळतच नव्हते! सगळे धावतायत, आणि आमचे हे आपले उभे. दोन पावलं इकडं, दोन तिकडं. समोरच्या संघाचा एक काटकुळा अकरा नंबरवाला तर नुसती वीज. मनात म्हटलं, सेक्रेटरी खरं बोलत होता. आपण कात्री घेऊन उगीच गेलो.

मग मला आवाज ऐकू आला. आधी कळलंच नाही कोणाचा. घरात ‘हं’ आणि ‘बरं’ याच्यापुढं न जाणारा माणूस एक क्षण गप्प बसत नव्हता. “डावा, आत ये! सोड त्याला, सोड! तू थांब. आता जा!” हात असा करायचे की तिकडचा पोरगा सरकायचा, बोट असं करायचे की इकडचा मागं यायचा. आणि चेंडू! चेंडू बरोबर तिथंच येऊन पडायचा जिथं यांनी कोणाला तरी आधीच उभं केलेलं असायचं. मी उठून उभी राहिले. अगं बाई, हे तर व्हॉल्व्ह फिरवतायत! एका गल्लीचं बंद केलं की जोर दुसरीकडं कुठं येणार हे त्यांना टाकीवर उभं राहून कळतं, आणि इथंही तेच चाललं होतं. पळायचं काम बाकीच्यांना, आणि कोणी कुठं पळायचं ते यांना ठाऊक.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारच्या अनोळखी माणसाला मी सांगितलं, “ते चार नंबर आमचे.” त्यानं विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात आमचा एक गोल झाला, कॉर्नरवरून. मी इतकी ओरडले की घसा बसला. पण शेवटची पंधरा मिनिटं राहिली आणि तो अकरा नंबर एकदा यांच्या बाजूनं निघून गेला. यांनी जागा बरोबर धरली होती, पायच पोचला नाही. फटका बाहेर गेला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. गोलकीपरनं अंग झोकून वाचवलं. हे गुडघ्यावर हात ठेवून वाकलेले. मी डोळे मिटले आणि नवस बोलायला लागले.

डोळे उघडले तर यांचा हात वर होता. बदला म्हणून खूण करत होते. स्वतःच.

“अहो, कशाला येताय बाहेर!” मी बसक्या घशानं किंचाळले. “राहा की उभे!” अख्खं मैदान हसलं. मला कशाचं हसू? ज्यासाठी मी चारचौघात भांडले ते हा माणूस आपल्या हातानं सोडून येत होता. मागं चाचा उभे होते, त्यांनीही नको नको म्हणून हात हलवला. पण हे आलेच. दंडावरची कॅप्टनची पट्टी नव्या स्टॉपरला बांधली, त्याची मान धरून कानात काही तरी सांगितलं आणि मैदानात ढकललं.

आणि मग येऊन बसले नाहीत. रेषेवर, माझ्यापासून चार हातांवर उभे राहिले आणि पुन्हा सुरू, “डावा, आत! पट्टीवाल्या, त्याच्याकडं बघू नको, चेंडूकडं बघ!” अकरा नंबर पुन्हा सुटला, पण या वेळी वाऱ्यासारखा पळणारा तिथं आधीच उभा होता. कोणी उभा केला, ते मी बघितलं होतं. मॅच आम्ही जिंकली.

परतीला चाकूरच्या अलीकडं चहाला थांबलो. दिवस मावळायला आला होता. चाचांनी तिथंच कमिटी भरवली. सेक्रेटरी उभा राहिला. “दादा, माझं चुकलं,” म्हणाला. “माझं मत, दादाला ठेवायचं. दादा म्हणतील तोवर.” सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, मला कोण विचारतंय!

आमचे हे बशीतून चहा पीत होते. “ठेवा,” म्हणाले, “पण स्टॉपर आता तोच. मी बाकावर. लागलो तर घ्या. न्हाई लागलो तर रेषेवरनं ओरडायला मला कोणाचा हुकूम लागत न्हाई.”

“आणि सत्कार?” सेक्रेटरीनं विचारलं. “शाल आणून ठेवलीय वो.”

“राहू दे दुकानात. मी सांगंन तेव्हा आण.”

टेम्पो पुन्हा निघाला तेव्हा ते माझ्या शेजारी येऊन बसले. मागं पोरं खिदळली. मी धुसफुसतच होते. “एवढं भांडून जागा मिळवून दिली,” मी म्हणाले, “आणि दहा मिनिटं राहिली असताना आलात बाहेर! शेवटपर्यंत उभं राहायचं ना. मी एवढ्या लांब बघायला आले होते.”

“म्हणूनच,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“बावीस वर्षं वाट बघितली तुझी. दर मॅचला कडंला एकदा नजर टाकायचो, आलीस का म्हणून. आज आलीस. मी आत राहिलो असतो तर टीम हरली असती. तू पहिल्यांदा बघायला यावं आणि आमची टीम हरावी? ते मला चाललं नसतं.”

बावीस वर्षांचे रविवार डोळ्यांपुढं आले, आणि मैदानाच्या कडेची ती रिकामी जागा, जी मी कधी बघितलीच नव्हती. मी त्यांचा डावा गुडघा पदरानं झाकला. थंडी वाजत होती त्याला.

आता मी एकही मॅच सोडत नाही. फ्लेक्स उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळवायला कामाला येतो. मागच्या आठवड्यात शेजारीण म्हणाली, “अगं, मधली एवढी जागा रिकामी का सोडलीस? मावतील की अजून दोन सुपं.”

“तिथं आमचे स्टॉपर उभे हायत,” मी म्हणाले. “त्यांना हलवायचं न्हाई.”