दिगूचा सगळ्यांवर संशय

माणूस गेला की त्याचे किस्से वाढायला लागतात. आमच्या दिगूचे तर इतके वाढलेत की मला त्यातल्या निम्म्यांचा संशय येतो. गेलेल्याला 'असं झालं होतं का रे?' म्हणून विचारायची सोय नाही, त्यामुळे लोक वाट्टेल ते ठोकून देतात. मी आपले समोर घडलेले तेवढेच सांगतो.

दिगू बोरिवलीचा. नोकरी विमा कंपनीत, काम क्लेम खरा की खोटा ते तपासायचं. रिटायर झाला, पण तपासणी काही थांबली नाही. रविवारी सकाळी आम्हा हौशी लोकांबरोबर वॉटरकलर करायचा आणि संध्याकाळी शिरीषच्या गाण्याला पेटी वाजवायचा.

*

आमच्यातलं कोणी त्याचं चित्र बघितलं की म्हणायचं, "दिगू, पेटी काय वाजवतोस यार!" शिरीषची मंडळी पेटी ऐकून म्हणायची, "दिगू, चित्रं झकास काढतोस हां!"

बरीच वर्षं तो खुशीत होता. मग एकदा त्याने दोन्ही जबान्या शेजारीशेजारी ठेवल्या.

"तुम्ही सगळे मला बाजूच्या घरात ढकलताय! माझं चित्र बरंय की नाही, कोणीतरी एकदा खरं सांगा रे!"

आम्ही एका सुरात "छानच आहे" म्हणालो. एका सुरात म्हणालो, तिथेच चुकलं!

*

एकदा खारदांड्याला होड्यांची चित्रं काढायला बसलो होतो. एक कोळीण टोपली खाली ठेवून दिगूच्या मागे उभी राहिली.

"कोणाचा माणूस तू? बिल्डरचा? आमच्या घरांची मापं घेतोस काय?"

दिगूने निमूटपणे कागद तिच्यापुढे धरला. तिने नीट बघितलं आणि शेजारणीला ओरडून सांगितलं, "नाय गं, बिल्डरचा नाय! त्यांना घरं सरळ काढता येतात!"

आम्हाला वाटलं, आता हा चिडणार. उलट दिवसभर खूश! "बघा, ही बाई खोटं बोलली नाही!"

*

मुलुंडच्या एका मैफलीत दिगूने इतकी पेटी भरली की शिरीषला श्वास घ्यायला जागा मिळेना. इंटरव्हलमध्ये शिरीष गोड आवाजात म्हणाला, "दिगू, तुझ्या चित्रात तू पांढरा कागद किती सुंदर सोडतोस रे!"

दिगूने त्याच्याकडे रोखून बघितलं.

"म्हणजे कमी वाजवू?"

*

आमच्या ग्रुपमधल्या जयवंतला त्याने वाढदिवसाला एक चित्र दिलं होतं. वर्षभराने आम्ही दोघं जयवंतच्या बिल्डिंगखाली पोचलो आणि दिगूने फोन केला, "वर येतोय." जयवंतने, हे त्यानेच मला नंतर सांगितलं, घाईघाईने चित्र माळ्यावरून काढून कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलं.

दिगूने शांतपणे चहा घेतला, उठला, फ्रेम जरा सरकवून मागे बघितलं.

"जयवंता, चित्र वर्षभर लटकलं की मागची भिंत उजळ राहते. तुझी सगळीकडे सारखीच मळकी आहे. क्लेम रिजेक्ट!"

आम्ही तिघंही हसलो. पण जिना उतरताना तो मला म्हणाला, "फुकट दिलेलं कोण टांगतो रे?" मला खरंच वाईट वाटलं.

*

मग अंधेरीला एका हॉलमध्ये आमच्या ग्रुपचं प्रदर्शन भरलं. शेवटच्या दिवशी बघतो तर दिगूचं गोराईच्या जेट्टीचं चित्र गायब!

"फ्रेमसाठी नेलं असणार," दिगू म्हणाला. "सागवानी होती."

थोड्या वेळाने फ्रेम जिन्याखाली सापडली. काच शाबूत, खिळे नीट उपसलेले, आतलं चित्र तेवढं नाही.

दिगू खुर्चीत बसला. मग त्याने एकेकाला कोपऱ्यात घेऊन उलटतपासणी सुरू केली. डोकं तापलं की तो मालवणीवर यायचा.

"खरां सांग, माका बरां वाटाचां म्हणान तूच नेलंस मा?"

मी आईची शपथ घेतली, जयवंतने मुलांची. शिरीष तर तेव्हा गावाला होता. मला अजून जयवंतचा संशय आहे आणि जयवंतला माझा.

शेवटी दिगूची बायको, सुमनवहिनी, पर्स उचलून म्हणाल्या, "चला, पोलीस चौकी समोरच आहे. तक्रार देऊ, शोधून काढतील."

दिगू ताडकन उठला आणि दारात आडवा उभा राहिला.

"गप रव! आणि गावलां तर?"